रॅट रॉड म्हणजे काय? भंगारातून स्वप्नातल्या गाड्या घडवणारा एड रॉथ कोण होता?

बॉनेट गायब, इंजिन उघडं, छत कापून बुटकं केलेलं आणि पत्र्यावरचा गंज मुद्दाम तसाच ठेवलेला. अमेरिकेतल्या अशा जुन्या पिकअप गाड्यांचे रील्स तुमच्याही फोनवर कधी ना कधी आले असतील. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, गाडी भंगारवाल्याकडे निघाली आहे. प्रत्यक्षात मालकाने तिच्यावर अनेक महिने, कधी कधी काही वर्षं घालवलेली असतात. या गाड्यांना रॅट रॉड म्हणतात.

अशा गाड्या जिथे जमतात तिथे एक उंदीर हमखास दिसतो. दारावर, टी-शर्टवर, गिअरच्या मुठीवर. अंगाने हिरवट, डोळे खोबणीतून बाहेर आलेले, दात वेडेवाकडे, अंगात लाल ओव्हरऑल आणि छातीवर दोन इंग्रजी अक्षरं. त्याचं नाव रॅट फिंक. तो जगापुढे आणणारा माणूस म्हणजे एड रॉथ. ४ एप्रिल २००१ रोजी वयाच्या ६९व्या वर्षी त्याचं निधन झालं.

गंमत अशी, की रॉथच्या स्वतःच्या गाजलेल्या गाड्या गंजक्या नव्हत्या. त्या आरशासारख्या चकाकायच्या. मग गंजक्या गाड्यांचे शौकीन त्याला आपला का मानतात? या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर त्याचं आयुष्य थोडं सविस्तर बघावं लागतं.

आधी हॉट रॉड, मग रॅट रॉड

रॅट रॉड समजण्याआधी हॉट रॉड समजून घेऊ. १९३०च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण पोरं फोर्डच्या स्वस्त जुन्या गाड्या विकत घ्यायची. मडगार्ड काढायचे, बॉनेट काढायचं, वजन कमी करायचं, इंजिनात फेरफार करायचे आणि लॉस एंजेलिसच्या बाहेर सुकलेल्या तलावांच्या सपाट तळांवर शर्यती लावायच्या. फोर्डने १९३२ मध्ये सर्वसामान्यांना परवडेल अशा किमतीत व्ही-८ इंजिन बाजारात आणलं आणि या वेडाला जोर चढला.

दुसरं महायुद्ध संपल्यावर हजारो सैनिक घरी परतले. त्यातल्या अनेकांना सैन्यात यंत्रं दुरुस्त करायची सवय लागली होती. हातात कसब होतं, जुन्या गाड्या स्वस्त होत्या. १९४८ मध्ये या छंदाला वाहिलेलं हॉट रॉड नावाचं मासिकही सुरू झालं.

पुढे या छंदात पैसा शिरला. क्रोमचा मुलामा, थरावर थर दिलेला रंग, चामड्याच्या सीट. काही गाड्या तर इतक्या महाग झाल्या, की त्या ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला न्यायच्या आणि ट्रेलरवरूनच परत आणायच्या. रस्त्यावर चालवायच्याच नाहीत. या प्रकाराला वैतागलेल्यांनी उलट वाट धरली. रंग नको, क्रोम नको, मिळेल तो सुटा भाग लावायचा आणि गाडी रोज चालवायची. १९९०च्या दशकात ही लाट ठळक झाली. रॅट रॉड हे नाव बरेचदा टिंगल म्हणून घेतलं जायचं. या मंडळींनी ते बिनधास्त मिरवलं.

टिंगलीचं नाव मिरवायची ही सवय मात्र जुनी होती. तिथेच रॉथ येतो.

बेल गावातला मुलगा

एडवर्ड रॉथचा जन्म ४ मार्च १९३२ रोजी कॅलिफोर्नियातल्या बेव्हर्ली हिल्समध्ये झाला. घराणं जर्मन वंशाचं. नाव बेव्हर्ली हिल्सचं असलं, तरी तो वाढला लॉस एंजेलिसजवळच्या बेल या साध्या वस्तीत. बेल हायस्कूलमध्ये त्याला दोन विषयांत गोडी होती. एक वाहन दुरुस्तीचं वर्कशॉप आणि दुसरी चित्रकला. हे दोन विषय त्याने आयुष्यभर सोडले नाहीत.

वयाच्या चौदाव्या वर्षी त्याच्याकडे पहिली गाडी आली, १९३३ची फोर्ड कूपे. शाळा संपल्यावर त्याने कॉलेजात इंजिनीअरिंगला प्रवेश घेतला. गाड्यांचं डिझाइन शिकायला मिळेल, अशी आशा होती. वर्गातल्या अभ्यासाचा आणि त्याच्या डोक्यातल्या गाड्यांचा मेळ काही बसला नाही आणि त्याने शिक्षण अर्धवट सोडलं. हा अनुभव आपल्याकडच्या कित्येक इंजिनीअरना अगदी घरचा वाटेल.

१९५१ मध्ये तो अमेरिकेच्या हवाई दलात भरती झाला आणि १९५५ मध्ये बाहेर पडला. तोवर संसार वाढला होता. पुढे पाच मुलगे झाले. पोट भरायला त्याने सिअर्स या मोठ्या दुकानात सजावट विभागात नोकरी धरली. पगार पुरत नव्हता, म्हणून संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी तो लोकांच्या गाड्यांवर बारीक रंगीत रेघा मारून द्यायचा.

या कामाला पिनस्ट्रायपिंग म्हणतात. लांब केसांचा ब्रश, एका दमात ओढलेली रेघ आणि हात जराही थरथरता कामा नये. आपल्याकडे ट्रकच्या फाळक्यावर वेलबुट्टी काढणारे पेंटर ज्या तयारीने हात चालवतात, तेच कसब. १९५०च्या दशकाच्या शेवटी रॉथने एक अनुभवी रेघा मारणारा आणि त्याचा नातू यांच्या जोडीने दुकान थाटलं. काही काळाने मेवूड इथे त्याचा स्वतःचा स्टुडिओ उभा राहिला.

पत्रा न ठोकता गाडी कशी घडवली?

त्या काळात गाडीची बॉडी बदलायची म्हणजे पत्र्याचं काम आलं. पत्रा कापणं, ठोकणं, वाकवणं, जोडणं. हे शिकायला वर्षं लागतात. अवजारं महाग. त्यामुळे वेगळ्या आकाराची गाडी हवी असेल तर मोजक्या नावाजलेल्या कारागिरांकडे जावं लागायचं आणि त्यांचं बिल भरावं लागायचं.

रॉथ पत्र्याचा कारागीर नव्हता. त्याने दुसरा रस्ता शोधला. आधी जुन्या गाडीची चेसिस घ्यायची. तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस थापून मनातला आकार उभा करायचा. गणपतीच्या मूर्तींमुळे पीओपी आपल्या चांगलंच परिचयाचं आहे. ओलं असताना हवं तसं थापता येतं, वाळलं की खरवडता येतं, चुकलं तर पुन्हा थापता येतं. आकार पसंत पडला की त्यावर काचतंतूंचं कापड आणि रेझिन यांचे थर चढवायचे. ते कडक झालं की आतलं प्लास्टर फोडून काढायचं. उरते ती फायबरची बॉडी. मग पॉलिश पेपरने घासणं, लांबी भरणं आणि रंग.

ऐकायला सोपं वाटतं, पण काम घाणेरडं होतं. प्लास्टरची धूळ, रेझिनचा वास, अंगाला टोचणारे काचतंतू. तरीही एक गोष्ट कायमची बदलली. हातोडीचं कसब नसलेला माणूसही आता गाडीला हवा तो आकार देऊ शकत होता. लागत होती ती चिकाटी, एक शेड आणि भंगारातून आणलेली चेसिस.

या पद्धतीतून आलेली त्याची पहिली गाजलेली गाडी म्हणजे आउटलॉ. तिचं काम १९५९च्या सुमाराचं. फायबरची बॉडी, कॅडिलॅकचं व्ही-८ इंजिन आणि बाकीचे भाग वेगवेगळ्या गाड्यांमधून उचललेले. प्रदर्शनात लोक तिच्याभोवती गर्दी करू लागले.

१९६१ मध्ये आली बीटनिक बँडिट. ओल्ड्समोबिल गाडीची १९४९ची चेसिस घेऊन ती कापून आखूड केली होती. छताच्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा घुमट. हा घुमट तयार करण्यासाठी प्लॅस्टिकचा पत्रा पिझ्झाच्या मोठ्या भट्टीत तापवून हवेच्या दाबाने फुगवला, असं सांगितलं जातं. आत स्टेअरिंग नव्हतंच. मधोमध एकच दांडा. वळणं, वेग आणि ब्रेक हे सगळं त्या एका दांड्यावर. ही गाडी आज नेवाडातल्या रिनो शहरात राष्ट्रीय मोटार संग्रहालयात आहे.

बीटनिक बँडिट तुम्ही कदाचित हातात घेतलीही असेल. हॉट व्हील्सने १९६८ मध्ये पहिल्यांदा ज्या १६ खेळण्यातल्या गाड्या बाजारात आणल्या, त्यात ही एक होती.

उंदीर आला कुठून?

गाड्या बनवायला पैसे लागतात आणि ते रॉथकडे नव्हते. ते आले कपड्यांमधून.

गाड्यांच्या जत्रांमध्ये तो एअरब्रश घेऊन बसायचा. पोरं अंगातला शर्ट काढून द्यायची आणि रॉथ त्यावर समोरच राक्षस काढायचा. जीभ लोंबणारी, डोळे लालभडक, एक हात गिअरवर, खाली धूर ओकणारी गाडी आणि तिच्यापेक्षा मोठं इंजिन. पालकांना किळस येईल अशी चित्रं. पोरांना नेमकी तीच हवी असायची. १९५९ पर्यंत या शर्टांचं वेड इतकं पसरलं, की मासिकांत जाहिराती देऊन टपालाने विक्री सुरू झाली.

या राक्षसांच्या गर्दीतून रॅट फिंक पुढे आला. जुलै १९६३ मध्ये कार क्राफ्ट मासिकात त्याची जाहिरात झळकली आणि तो देशभर पोहोचला. त्या काळी अमेरिकेत उंदीर म्हटलं की स्वच्छ हातमोजे घातलेला, सगळ्यांशी गोड वागणारा मिकी माउस डोळ्यांपुढे यायचा. रॅट फिंक त्याच्या बरोब्बर उलट. अंगाभोवती माशा, तोंडाला लाळ, आणि त्याची कसलीच लाज नाही.

रॅट रॉडचं मूळ इथे सापडतं. गॅरेजमध्ये राबणारी, हातापायाला ग्रीस लागलेली, शाळेत फारशी न चमकणारी पोरं होती. चांगल्या घरातले लोक त्यांच्याकडे नाक मुरडून बघायचे. रॉथने त्यांना एक असा चेहरा दिला, जो जसा आहे तसा समोर येतो आणि माफी मागत नाही. पुढच्या पिढीने हीच वृत्ती गाडीच्या पत्र्यावर आणली.

एका मॉडेलमागे एक सेंट

१९६२ मध्ये रेव्हेल या कंपनीने रॉथच्या गाड्यांची प्लॅस्टिकची मॉडेल्स काढली. सुटे भाग डब्यात, घरी बसून चिकटवायचे. पाठोपाठ रॅट फिंक आणि इतर राक्षसही डब्यांतून आले. रॉथला प्रत्येक मॉडेलमागे एक सेंट मिळायचा. एकट्या १९६३ या वर्षात त्याला यातून ३२ हजार डॉलर मिळाले. एका सेंटने भागून बघा, म्हणजे त्या वर्षीच्या खपाचा अंदाज येईल.

बिग डॅडी हे टोपणनाव त्याला याच कंपनीच्या प्रसिद्धीचं काम बघणाऱ्या माणसाने दिलं. उंचापुरा रॉथ मग उंच काळी हॅट आणि लांब शेपटांचा कोट घालून मुलांना सह्या देऊ लागला. १९६३ मध्ये पत्रकार टॉम वुल्फने एस्क्वायर मासिकात कॅलिफोर्नियाच्या या गाडीवेड्या जगावर लेख लिहिला, त्यात रॉथ होता. त्या लेखाच्या नावावरूनच वुल्फच्या पहिल्या पुस्तकाचं नाव पडलं. गॅरेजमधल्या कामाला शिल्पकलेच्या शेजारी बसवणारं हे लिखाण वाचून न्यूयॉर्कचे सुशिक्षित वाचकही या पोरांकडे वेगळ्या नजरेने बघू लागले.

एक हिशेब मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. रॉथची नाव आणि पैसा ही दोन्ही कमाई गाड्यांमुळे झाली, पण गाडी विकून झाली नाही. गाडी ही त्याची जाहिरात होती. पैसा शर्ट, स्टिकर आणि प्लॅस्टिकच्या डब्यांतून यायचा. म्हणजे पोरांची आवड बदलली की उत्पन्न बंद.

दोन इंजिनं आणि एक तुटकी चेसिस

१९६३ची मिस्टेरियन ही रॉथची सर्वात अचाट गाडी. पुढे एक सोडून दोन फोर्ड व्ही-८ इंजिनं, शेजारी शेजारी. मोठा घुमट. हेडलाइट एका बाजूलाच, तोही तिरका. लोक थक्क व्हायचे.

गणिताने मात्र हात दाखवला. त्या प्रकारच्या एका इंजिनाचं वजन साधारण ३०० किलो. दोन म्हणजे ६०० किलो, सगळं पुढच्या टोकाला. एका शहरातून दुसऱ्या शहरात प्रदर्शनासाठी नेताना बसणारे धक्के वेगळेच. चेसिसला हे झेपलं नाही. ती पुन्हा पुन्हा तडकत राहिली. मूळ मिस्टेरियन आज अस्तित्वात नाही. नंतरच्या काळात चाहत्यांनी तिच्या प्रतिकृती बनवल्या.

स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सचा पेपर दिलेल्या कुणालाही यातला धडा कळेल. बॉडी कितीही विचित्र असू दे, भार शेवटी चेसिसवर येतो. आज घरच्या घरी रॅट रॉड बनवणाऱ्यांना जाणकार सगळ्यात आधी हेच सांगतात.

१९६४ मध्ये ऑर्बिट्रॉन आली. तिच्या नाकावर तीन दिवे होते, लाल, हिरवा आणि निळा. तिन्ही मिळून पांढरा प्रकाश पडावा, अशी कल्पना. रंगीत टीव्हीचं तत्त्व गाडीच्या दिव्याला लावलेलं. पण या गाडीत इंजिन झाकलेलं होतं आणि लोकांना ते बघायचं होतं. गाडी पडली. रॉथने नंतर त्याचा दोष काही अंशी बीटल्सनाही दिला. फेब्रुवारी १९६४ मध्ये हा बँड अमेरिकेत आला आणि पोरांच्या हातात पान्याऐवजी गिटार आली. त्याच वर्षी पाँटियाक जीटीओ बाजारात आली. कारखान्यातूनच वेगवान गाडी हप्त्यावर मिळू लागल्यावर, ती घरी घडवण्याचा खटाटोप करणारे कमी होत गेले.

उतरती कळा

याच काळात रॉथने एक वादग्रस्त धंदाही केला. समुद्रावर सर्फिंग करणाऱ्या पोरांना त्याने जर्मन सैनिकांच्या धर्तीवरची प्लॅस्टिकची हेल्मेट आणि लोखंडी क्रॉसची पदकं विकली. युद्ध संपून जेमतेम वीस वर्षं झाली होती. ज्यांच्या घरातली माणसं त्या युद्धात गेली होती, त्यांना हा थिल्लरपणा अजिबात रुचला नाही. टीका झाली आणि ती गैरवाजवी नव्हती. मोठ्यांना चिडवणं हा रॉथच्या कलेचा गाभा होता. इथे चिडवणं आणि दुखावणं यातली रेघ त्याला दिसली नाही.

मग तो मोटरसायकलकडे वळला. तीनचाकी आणि लांब फोर्कच्या चॉपर बाइक घडवू लागला. १९६७ मध्ये त्याने चॉपर बाइकवर एक मासिकही काढलं. त्याच्या दुकानात बदनाम बाइकर टोळ्यांची ये-जा वाढली. मुलांची खेळणी विकणाऱ्या रेव्हेलला हे परवडणारं नव्हतं. करार संपला आणि दर मॉडेलमागचा तो सेंटही थांबला.

१९७० मध्ये स्टुडिओ बंद झाला. गाड्या जिम ब्रूकर या संग्राहकाकडे अगदी कमी पैशांत गेल्या. काही काळ रॉथने ब्रूकरच्याच संग्रहालयात काम केलं. म्हणजे ज्या गाड्या त्याने घडवल्या, त्या आता दुसऱ्याच्या होत्या आणि तो तिथे पगारावर होता. त्यानंतर नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानात त्याने अनेक वर्षं पाट्या रंगवल्या. ज्या ब्रशने सुरुवात झाली होती, तोच पुन्हा हातात आला. पण ब्रश होता म्हणून घर चाललं, हेही खरं.

१९७४ मध्ये त्याने मॉर्मन पंथ स्वीकारला. पुढे तो युटा राज्यातल्या मँटाय या छोट्या गावी राहायला गेला.

ऑर्बिट्रॉनचं काय झालं? ती हातोहात फिरत मेक्सिकोत पोहोचली. २००७ मध्ये ती सिउदाद हुआरेझ शहरात एका दुकानासमोर अत्यंत वाईट अवस्थेत सापडली. तिला पुन्हा उभं करण्यात आलं आणि ती परत प्रदर्शनात दाखल झाली. ते बघायला रॉथ नव्हता.

उंदीर परत आला

१९८० आणि ९०च्या दशकात पंक संगीत ऐकणाऱ्या, स्केटबोर्ड खेळणाऱ्या पिढीला रॅट फिंक पुन्हा सापडला. ज्यांनी लहानपणी प्लॅस्टिकची मॉडेल्स चिकटवली होती, ती मुलं आता कमावती झाली होती. रॉथने पुन्हा चित्रं काढली, पुन्हा गाड्या केल्या. बीटनिक बँडिटची दुसरी आवृत्तीही याच काळातली. त्याच्या स्टुडिओत १९६०च्या दशकात चित्रं काढणारा रॉबर्ट विल्यम्स तोवर नावाजलेला चित्रकार झाला होता. १९९४ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह जक्स्टापोझ हे कलाविषयक मासिक सुरू केलं आणि गॅरेजमधून, कॉमिक्समधून आलेल्या चित्रकलेला गॅलरीचे दरवाजे उघडले.

रॉथ गेल्यानंतर २००६ मध्ये रॉन मॅन या दिग्दर्शकाने त्याच्यावर टेल्स ऑफ द रॅट फिंक हा माहितीपट केला. मँटायमध्ये चाहत्यांचे मेळावे भरत राहिले.

जुन्या पिकअपची रॅट रॉड कशी होते?

आता सुरुवातीच्या त्या पिकअपकडे येऊ. रॅट रॉडसाठी १९३० ते ५०च्या दशकातल्या फोर्ड, शेव्हरोले किंवा डॉजच्या पिकअप विशेष पसंत केल्या जातात. कारण साधं आहे. या गाड्यांची शिडीसारखी चेसिस वेगळी, तिच्यावर बोल्टने बसवलेली केबिन वेगळी आणि मागचा हौदा वेगळा. बोल्ट खोलले की तीन तुकडे सुटे होतात. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि चेसिस एकच असते, तिथे असं जमत नाही.

मुख्य टप्पे असे:

• छत कापणं: केबिनचे खांब तीन-चार इंचांनी कापून छत खाली आणतात. समोरचे खांब तिरके असल्यामुळे कापल्यावर वरचा आणि खालचा भाग समोरासमोर येत नाही. मग खांब आणखी झुकवावे लागतात किंवा छतात पट्टी जोडावी लागते. इथेच नवख्यांची फजिती होते.

• केबिन खाली बसवणं: केबिनचा तळ कापून ती चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर खाली उतरवतात. गाडी बसकी दिसते, पण पाय ठेवायला जागा कमी उरते.

• चेसिसला पायरी देणं: चेसिस कापून तिला पायरीसारखा आकार देतात, म्हणजे एक्सल वर जातो आणि गाडी जमिनीजवळ येते. सगळ्यात जोखमीचं वेल्डिंग हेच. सांधा सुटला तर गाडी चालताना दोन तुकडे होऊ शकतात.

• इंजिन: शेव्हरोलेचं १९५५ मध्ये आलेलं छोट्या आकाराचं व्ही-८ इंजिन सर्वात लाडकं. ते आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या कोट्यवधींच्या संख्येत बनल्या, त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात.

• हौदा: मागचा हौदा कापून आखूड करतात किंवा काढूनच टाकतात.

• गंज: पोकळ झालेला पत्रा बदलावाच लागतो. वरवरचा गंज धुऊन, सुटी पापुद्री काढून त्यावर पारदर्शक थर देतात. म्हणजे रूप जुनंच राहतं, पण गंज वाढत नाही.

• ब्रेक आणि सीट बेल्ट: इथे जुनं काहीच ठेवायचं नसतं. आधुनिक डिस्क ब्रेक, दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलिंडर आणि नवे बेल्ट बसवतात. दिसायला गाडी कितीही मोडकी असो, थांबली पाहिजे.

शेवटी येते सजावट. दाराला जुना पाना हँडल म्हणून, समोर ट्रॅक्टरची जाळी, मागचा दिवा कुठल्या तरी तिसऱ्याच गाडीचा. दोन रॅट रॉड सहसा सारख्या नसतात, कारण दोघांच्या गावातलं भंगार सारखं नसतं.

आपल्याकडे असं करता येतं का?

रील बघून हात शिवशिवत असतील, तर आधी हे वाचा. आपल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. इंजिन बदलणं किंवा सीएनजी किट बसवणं अशा ठराविक गोष्टी परवानगी घेऊन करता येतात. छत कापणं आणि चेसिसला पायरी देणं त्यात बसत नाही. अमेरिकेत अशा गाड्यांच्या नोंदणीची सोय अनेक राज्यांत आहे, पण नियम प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत.

रॉथने मागे काय ठेवलं?

रॉथच्या गाड्या रोजच्या वापराला फारशा उपयोगी नव्हत्या. त्याचे राक्षस अनेकांना ओंगळ वाटले आणि काही निर्णय सरळ चुकले. ज्या गाड्यांनी त्याला नाव दिलं, त्या त्याच्या हातात राहिल्या नाहीत.

तरीही कॉलेज सोडलेल्या, पत्र्याचं काम न येणाऱ्या, पाच मुलांच्या बापाने नोकरी सांभाळून एका शेडमध्ये प्लास्टर थापलं आणि त्यातून जगात कुठेच नव्हती अशी गाडी बाहेर काढली. कशी काढली, हे त्याने लपवून ठेवलं नाही. ते बघून हजारो पोरांना कळलं, की गाडी फक्त शोरूममधून येत नाही. आज कुणी शेतात कुजणारी पिकअप ओढून घरी आणतो, तिचं छत कापतो आणि दारावर तो लाल ओव्हरऑलवाला उंदीर रंगवतो, तेव्हा त्याने घेतलेलं असतं ते हे धाडस. चकाकी तेवढी त्याने रॉथकडेच सोडलेली असते.